काझ-२ वरचे तिघे गेले कुठे?

खानापूरकर:
एप्रिल २००७, ऑस्ट्रेलिया. काझ-२ बोट रिकामी सापडली. इंजिन चालू, लॅपटॉप चालू, लाइफ जॅकेटं बोटीवरच. तिघेच्या तिघे कसे गायब होतील? चाचे असतील काय?

शहापूरकर:
चाच्यांनी लॅपटॉप सोडला असता काय ओ? २००८ च्या चौकशीचा निष्कर्ष साधा आहे: अडकलेला गळ सोडवताना एक पडला, दुसरा त्याला वाचवायला गेला, तिसऱ्याला शिडाच्या आडव्या दांड्यानं पाण्यात ढकललं. मला हेच पटतं. हिशोब बघा की: बोटीचा वेग ५ नॉट धरला तर सेकंदाला अडीच मीटर. अर्ध्या मिनिटात बोट पाऊणशे मीटर पुढं. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं, तेही मधूनमधून. पोहून गाठणं अशक्य.

निपाणीकर:
मालवण-कारवारला बोटीवर जाणाऱ्यांनो, जॅकेट पेटीत नको, अंगावर हवं, पट्टे आवळून. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी. कोणी पडलाच तर मागोमाग उडी मारू नका. आधी तरंगणारी रिंग फेका, आणि एकानं नजर न हलवता त्याच्याकडं बोट दाखवत राहायचं.

खानापूरकर:
आणि शिडी?

निपाणीकर:
निघायच्या आधी पाण्यातून हाताला येते का बघा. ओल्या कपड्यांनिशी बोटीच्या काठावर चढणं होत नाही.