उघडा राहिलेला इनबॉक्स वाचावा का?

मुक्ता
वाचनालयातल्या संगणकावर बसलात आणि आधीच्या माणसाचं ईमेल उघडंच आहे. माझं ठाम मत: एक ओळही वाचू नये. यहुदी धर्मशास्त्राने यावर फार पूर्वी विचार केलाय. ११व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या माइन्झमध्ये असलेल्या रब्बी (यहुदी धर्मगुरू) गेर्शोम यांच्या नावावर एक दंडक आहे: दुसऱ्याचं पत्र परवानगीविना वाचणाऱ्यावर बहिष्कार. तेव्हा पत्रं व्यापारी-प्रवाशांच्या हातून जायची, म्हणजे वाटेत वाचणं कुणालाही सहज शक्य होतं. त्याच्याही कितीतरी आधी मिश्नाने, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाने, सामायिक अंगणात शेजाऱ्याच्या खिडकीसमोर खिडकी काढायला मनाई केली. नुसतं पाहणं हीसुद्धा इजाच, हे तालमूदातल्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातल्या, वादातून पुढे कायम झालं.

दर्यावर्दी
अर्धंच सांगितलंत. त्याच दंडकासोबत हेही सांगितलं जातं की फेकून दिलेलं पत्र वाचायला हरकत नाही. दहा जणांच्या संगणकावरून लॉगआउट न करता उठणारा वेगळं काय करतो?

मुक्ता
फेकणारा ठरवून फेकतो, विसरणारा ठरवून विसरत नाही. विसरलेली वस्तू ही हरवलेली वस्तू, आणि ती मालकाला परत करणं तोराहने, म्हणजे यहुदींच्या मूळ धर्मग्रंथाने, बंधनकारक केलंय (त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा अध्याय २२). मिश्ना तर किती बारकाईने सांगते पाहा: सापडलेला गुंडाळीचा ग्रंथ खराब होऊ नये म्हणून ३० दिवसांतून एकदा वाचावा, वाचता येत नसेल तर नुसता उलगडून गुंडाळावा, पण त्यातून स्वतःसाठी नवीन काही शिकू नये. हात लावायचा तो वस्तू जपण्यापुरता. इथे लॉगआउट दाबण्यापुरता.

शिल्पा_ठाणे
माझ्या पुतणीकडे एक अनोळखी माणूस फोटो मागत होता. घरच्या कॉम्प्युटरवर चॅट उघडं राहिलं, वहिनीने वाचलं, म्हणून कळलं. तोराहमधल्याच ‘लेवीय’ या पुस्तकात (१९:१६) चहाडी करत फिरू नको असं आहे, पण त्याच वचनात पुढे शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वस्थ उभा राहू नको, हेही आहे. दुसरा अर्धा भाग सोडून कसं चालेल?

मुक्ता
वहिनींनी केलं ते योग्यच केलं. जिवावर बेतलं की जवळजवळ सगळे नियम बाजूला ठेवावेत, ही यहुदी शास्त्राचीच शिकवण. पण धोक्याची काही खूण आधी दिसायला हवी. मुलीचं चॅट रोज रात्री चाळायला हे वचन मुभा देत नाही.

दर्यावर्दी
आणि वाचल्याशिवाय खूण दिसायची कशी? तुमची ‘एक ओळही नाही’ ही अट पाळली असती, तर ती पोर त्या माणसाच्या तावडीत एकटीच राहिली असती.