'नाटकी' ही शिवी कधी झाली?

रातांबा: एका महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी तियात्रावरचा, म्हणजे गोव्यातल्या कोकणी नाटकावरचा, इंग्रजी मजकूर मराठीत करतेय. त्यात 'मेलोड्रामॅटिक' आलंय, आणि तेही कौतुकानं. मी 'नाटकी' लिहिलं. मुद्रितं वाचणाऱ्या काकांनी लाल रेघ मारली, "बाय, ही गाळ जाली," म्हणजे शिवी झाली. 'भडक' लिहिलं, तेच. 'अतिरंजित' म्हणजे पेपरातली खोटी बातमी वाटते. दोष न देता अतिरेक सांगणारा शब्द आहे का आपल्याकडे?

सुपारीबाग: 'अतिनाट्य' आहे की.

रातांबा: 'अति' आलं की मागून माती आलीच.

जुनापडदा: आमच्या वाड्यावर भडक असणं हा गुणच होता. जत्रेचं ऐतिहासिक नाटक देवळासमोर, टांगलेले माइक दोन, त्यातला एक घुमणारा. शेवटची रांग माडाखाली. संभाजीला तिथवर पोचायचं तर नसा फुगवायलाच हव्यात. जरा खालच्या पट्टीत बोलला की मागून आवाज, "जेवूंक ना रे?" चांगल्या कामाला आम्ही 'दणदणीत' म्हणायचो. तेच लिहा.

मिरामार७: दणदणीत म्हणजे आवाज झाला, त्या भावनेबद्दल विचारतायत. नाट्यशास्त्रात भरतमुनीनं लोकधर्मी आणि नाट्यधर्मी अशी वाटणीच केली आहे. जगात तसं कुणी वागत नाही, पण रंगमंचावर शोभतं, ते नाट्यधर्मी. शब्द आपलाच, त्यात शिवी नाही. इंग्रजीच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?

रातांबा: 'नाट्यधर्मी तियात्र' वाचून लोक चर्चमधलं नाटक समजतील हो.

सुपारीबाग: एक गंमत. 'मेलोड्रामा'तलं 'मेलो' म्हणजे ग्रीक 'मेलॉस', गाणं. म्हणजे शब्दशः 'संगीत नाटक'! १८८२ चं 'संगीत सौभद्र' मेलोड्रामाच ठरतं. तियात्रात कांतारां, म्हणजे गाणी, असतातच, हिशेब चुकता.

जुनापडदा: दीनानाथांच्या मंगेशीपासून चार मैलांवर बसून हे लिहिताय, सांभाळून! शब्दाचं माहेर एक, सासर दुसरं. आज कोणी 'मेलोड्रामा करू नको' म्हणतो तेव्हा गाऊ नको म्हणत नाही.

पाटो_पूल: मग 'मेलोड्रामा'च ठेवा ना. 'तियात्र' हा शब्दच पोर्तुगीज 'तेआत्रु'चा. १८९२ साली मुंबईत 'इतालियन भुरगो' हे पहिलं तियात्र झालं तेव्हा कुणी शुद्ध शब्द शोधत बसलं नव्हतं.

मिरामार७: कोकणीनं घेतला म्हणून मराठीनंही उसनवारी करायची?

पाटो_पूल: 'माइक'ला 'ध्वनिक्षेपक' म्हणून बघा, शेवटची रांग घरी जाईल.

काल्याचो_गडी: 'बटबटीत' कुणी काढला नाही अजून. डोळ्यांवरून आलाय, माझी खात्री आहे. दशावतारात संकासुर आला की भुरगीं आईच्या पदरात. तो वेद चोरणारा राक्षस, पण हसवतोही तोच. संहिता नसते, सुचेल ते बोलतो. त्याला नाटकी म्हणाल? नाटकी तो, जो खरं वाटावं म्हणून धडपडतो आणि पकडला जातो. संकासुराला खरं वाटायचंच नसतं.

रातांबा: हे आवडलं. पण पुस्तिकेत एक शब्द हवाय, परिच्छेद नको.

जुनापडदा: पकडले जाण्यावरून आठवलं. आमच्याकडे नायक मरून पडला होता, बायको उरावर पडून रडतेय, एवढ्यात माइकवर "एका रसिकाकडून ५१ रुपये बक्षीस." मेलेला उठला, नोट घेतली, कपाळाला लावली, आणि परत मेला. बायकोनं तोच हुंदका पुढून उचलला. एकही माणूस हसला नाही!

काल्याचो_गडी: आमच्या गावी नोट अंगरख्याला टाचणीनं लावायचे. आणि त्याला 'इनाम' म्हणायचे, 'बक्षीस' शाळेत मिळतं.

मिरामार७: इनाम म्हणजे जमीन. एकावन्न रुपयांना इनाम?

काल्याचो_गडी: तेव्हा एकावन्नात शितांची पोती येत होती, भाई.

सुपारीबाग: शितांची पोती? तांदळांची म्हणा. शीत म्हणजे शिजलेला दाणा.

रातांबा: उद्या दुपारी छपाईला जातंय हो...

काल्याचो_गडी: आमच्याकडे शीत म्हणजे जेवणच. नवीन धागा काढतो.