स्वॅप 20 टक्के भरला म्हणजे रॅम कमी? कोणी सांगितलं भो?

तापीकाठचा: काल इथं एका भाऊने टाकलंय की वर्कस्टेशनवर स्वॅप (रॅममधला डेटा बाजूला काढून ठेवायची डिस्कवरची जागा) 20 टक्के भरला की समजा रॅम संपली, अलर्ट लावा आणि नवी रॅम घ्या. खाली नुसती अंगठ्यांची रांग. अरे भो, मेमरीची जी पानं, म्हणजे छोटे तुकडे, तासन्‌तास कोणी हात लावत नाही ती लिनक्स बाजूला टाकतं आणि मोकळी झालेली रॅम फाइल कॅशला (डिस्कवरच्या फाइली हाताशी ठेवायला) देतं, यात बोंब मारण्यासारखं काय आहे? आणि एकदा गेलेलं पान परत वाचलं तरी स्वॅपमधली त्याची जागा लगेच सुटतेच असं नाही, म्हणून काम हलकं झालं तरी आकडा तसाच दिसतो. बघायचंच तर व्हीएमस्टॅट 1 ही कमांड लावून एसआय-एसओ (स्वॅपमधून किती आत आलं, किती बाहेर गेलं) बघा, पहिली ओळ सोडून, ती बूटपासूनची सरासरी असते. दोन्ही सतत हलत असतील तर मशीन खरंच धापा टाकतंय. आणि फ्री कमांडमध्ये 'फ्री'चा रकाना बघून रडू नका, 'अव्हेलेबल' बघा, 2014 च्या 3.14 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) मिळतोय.

जळगावचा_अ‍ॅडमिन: झालं ज्ञान पाजळून? ती पोस्ट माझीच. आमच्याकडे ड्रॉइंगची मशीनं 8 जीबीची, त्यात जुन्या हार्डडिस्क. एका प्रोग्रामची मेमरी गळत होती, घेतलेली परत सोडतच नव्हता, ते या अलर्टनेच पकडलं. तुझं एसआय-एसओ बघायला मी दिवसभर डोळे लावून बसू का?

तापीकाठचा: बसू नको, प्रेशर-मेमरीची फाइल वाच, 4.20 कर्नलपासून आहे, मेमरीसाठी कामं किती वेळ अडकली ते सरळ टक्क्यात सांगते. अलर्ट त्याच्यावर लाव. तुझी गळती आकडा चढत राहिला म्हणून सापडली, 20 ओलांडले म्हणून नाही.

चोपड्याचा_पोऱ्या: मी तर स्वॅपच काढून टाकलाय. मॅटर खतम.

तापीकाठचा: मग रॅम भरली की कर्नल प्रोग्रामचाच कोड बाहेर फेकतं आणि डिस्कवरून परत परत वाचत बसतं. माउस अडकला की इथंच विचारायला येशील.

फ्लेक्सवाला_धुळे: तुमचं लिनक्स राहू द्या बाजूला. आमच्या मशीनचा जीव डिझायनर लोक घेतात. 20 बाय 10 फुटाचा फ्लेक्स, फाइल 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके! 72 हजार बाय 36 हजार पिक्सेल, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) एकच थर, म्हणजे लेयर, 10 जीबीच्या वर. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल तर 30 हजार पिक्सेलपुढे जातच नाही, मोठ्या फाइलींची पीएसबी करावी लागते. तीच 72 डीपीआयला केली तर थर 600 एमबीच्या आत.

अमळनेर_डिझाइन: शिव्या डिझायनरलाच द्या. गिऱ्हाइक डोक्यावर उभं राहून झूम करायला लावतं आणि म्हणतं भाऊंच्या मिशा फाटताय. तेव्हा तुम्ही येता का समजवायला?

फ्लेक्सवाला_धुळे: चौकात मिशा मोजायला शिडी लावून चढतं का कोणी? रात्री बाराला फाइल येते, सकाळी वाढदिवस, आणि वर दीडशे कार्यकर्त्यांचे फोटो, प्रत्येकाचा वेगळा थर! वरून टास्क मॅनेजरमध्ये पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) ठीक दिसते आणि डिस्क फुल्ल, कारण फोटोशॉप डिस्कवर स्वतःची तात्पुरती स्क्रॅच फाइल करतं, ती वेगळी असते. ती कोणी बघत नाही.

जळगावचा_अ‍ॅडमिन: हे मात्र खरंय, स्क्रॅच मीही बघत नव्हतो. तापीकाठचे साहेब, तुमची प्रेशरची फाइल लावतो एका मशीनवर, पण 20 चा अलर्ट काढणार नाही. जुन्या डिस्कवर तुम्ही बसत नाही, आमची पोरं बसतात.

तापीकाठचा: नको काढू. रोज उठून बंद करत बस.

अमळनेर_डिझाइन: फ्लेक्सवाले भाऊ, ते 72 ला क्यूआर कोड स्कॅन होतो का पण?

फ्लेक्सवाला_धुळे: होतो की, हातभर मोठा ठेवा. जागा नसेल तर कार्यकर्ते कमी करा.

अमळनेर_डिझाइन: ते तुम्हीच सांगा त्यांना. नंबर पाठवतो.