मदत हवी आहे : दहावीच्या मुलांचं रसायनशास्त्र आणि त्यांचं स्वतःचं लेखन

नमस्कार मंडळी. मी दहावीला विज्ञान शिकवते. यंदा मुलांना सांगितलं, घरात घडलेली एखादी रासायनिक अभिक्रिया स्वतःच्या आठवणीतून लिहा. एरवी समीकरण संतुलित करताना रडकुंडीला येणारी मुलं दोन-दोन पानं लिहून आली!

एकीने आजीच्या लुगड्यावरच्या हळदीच्या डागाबद्दल लिहिलंय. साबण लावताच डाग लालभडक झाला आणि ती घाबरून रडली. आजीने लिंबू पिळलं, डाग परत पिवळा. हळद हा नैसर्गिक दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारा पदार्थ), साबण आम्लारिधर्मी, म्हणजे लिंबासारख्या आम्लाच्या उलट गुणाचा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते; पण इतकं जिवंत कधी शिकवलं नव्हतं.

अडचण पुढे आहे. एकाने वडिलांच्या जुन्या सायकलबद्दल लिहिलंय, ‘लोखंड हवेत विरघळत गेलं.’ वाक्य सुंदर, रसायन चूक. लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाण्याशी संयोग होऊन गंज चढतो, काही विरघळत नाही. लाल शाई उचलवत नाही, आणि सोडूनही देता येत नाही.

असा उपक्रम कुणी केलाय का? चूक कशी दाखवता? गुण देता का? शनिवारी वह्या परत द्यायच्यात, कृपया सुचवा.