तुरुंगातल्या सर्कलला व्हॉलंटियर म्हणून जायचंय, पण तिथे करायचं काय?

लिंबूटिंबू
नमस्कार मंडळी. ओळखीच्या एक बाई पुरुषांच्या जेलमध्ये दर शनिवारी सर्कल घेतात, दहा-बारा कैदी आणि तीन व्हॉलंटियर, खुर्च्या गोल मांडायच्या आणि दोन तास बोलायचं, बास. त्यांचा एक माणूस कमी पडतोय म्हणून मला विचारलं आणि मी जोशात हो म्हणून बसलो. काल ट्रेनिंग झालं तर त्यात सगळं काय *नाही* करायचं तेवढंच. फोन न्यायचा नाही, चिठ्ठी आत-बाहेर करायची नाही, कोणाच्या घरी निरोप पोचवायचा नाही, गुन्हा काय केला ते विचारायचं नाही, कसलं वचन द्यायचं नाही. बरं बाबा, मग करायचं काय? मी हिशेब तपासणारा माणूस, सायकॉलॉजीचा स सुद्धा माहीत नाही. आणि दुसरं म्हणजे (हे त्या बाईंना विचारायची हिंमत नाही झाली) याने खरंच कोणी बदलतं का, की आपल्यालाच जरा बरं वाटतं?

रात्रपाळी
सहा वर्षं जातेय, म्हणून लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, सल्ला द्यायचा नाही. हे जमायला मला वर्ष लागलं. समोरचा माणूस काहीतरी भयंकर सांगतो आणि आपल्या तोंडात लगेच "अरे पण तू असं कर ना" येतं, कारण ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही. त्याला नाही, आपल्याला. गप्प बसा. दहा सेकंद खूप मोठे वाटतात, वाटू देत.

सुरुवात बहुतेक ठिकाणी एका शब्दाने होते, आज कसा आहेस ते सांग. पहिले काही शनिवार तुम्हाला बारा वेळा "ठीक" ऐकू येईल. कधीतरी एकजण "ठीक" च्या ऐवजी "चिडलोय" म्हणतो आणि तिथून पुढे काम सुरू होतं.

हे काही आपल्या डोक्यातून निघालेलं नाही. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात कैद्यांनीच क्वेकर मंडळींना (हिंसेला विरोध करणारा एक ख्रिश्चन पंथ) बोलावलं, की इथली तरुण पोरं मारामाऱ्या करून पुन्हा पुन्हा आत येतात, त्यांच्यासोबत काहीतरी करायला मदत करा. त्यातून अल्टरनेटिव्ह्ज टू व्हायोलन्स प्रोजेक्ट उभा राहिला आणि पुढे बऱ्याच देशांत गेला. ट्रेनिंग घेतलेले कैदी स्वतःच तिथे वर्कशॉप चालवतात, बाहेरच्यांच्या बरोबरीने. त्यांची एक युक्ती आम्ही पण घेतली, स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून स्वतःसाठी एक चांगलं विशेषण शोधायचं. ऐकायला बालवाडी वाटते ना? एक आडदांड गडी, मान खाली घालून वीस मिनिटं बसून राहिला. म्हणे माझ्यात सांगण्यासारखं चांगलं काही नाहीये. शेवटी शेजारच्याने त्याला शब्द दिला, "मदतगार. रात्री मला ताप होता तेव्हा पाणी यानेच दिलं." त्या माणसाने तो शब्द तीनदा स्वतःशीच म्हणून बघितला. आम्ही तिघं व्हॉलंटियर तोंड बंद करून बसलो होतो, आणि आमचं त्या दिवशीचं काम तेवढंच होतं.

एक मात्र आधीच नीट विचारून घ्या. सर्कलमधलं बाहेर जात नाही असं आपण म्हणतो, पण कोणी जीव द्यायचं किंवा घ्यायचं बोलला तर कळवावंच लागतं. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, नंतर सांगितलं तर दगा वाटतो.

तिरकी_खुर्ची
मी तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे. साडेसात वर्षं आत होतो, आता बाहेर आहे, काम करतो, जास्त सांगत नाही.

मी सर्कलला का गेलो तर सर्टिफिकेट मिळतं म्हणून आणि दोन तास बरॅकच्या बाहेर बसता येतं म्हणून. खोटं कशाला बोलू. निम्मे तरी तसेच येतात त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. मी खुर्ची नेहमी जरा मागे ओढून तिरकी ठेवायचो, दरवाजा दिसला पाहिजे म्हणून. कोणी कधी सरळ कर म्हणालं नाही, हे मला फार नंतर लक्षात आलं.

पाच-सहा महिन्यांनी एकदा विषय निघाला लहानपणीच्या आवाजांचा. एकजण म्हणाला बाप घरी यायचा तेव्हा जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं आज मार आहे की नाही. मी न ठरवताच बोलून गेलो की आमच्याकडे किल्ल्यांचा आवाज. आणि मग पुढचं सगळं आलं. माझ्या केसबद्दल पण बोललो, म्हणालो, "त्या दिवशी माझ्या हातून घडलं." तर समोरचा, जन्मठेपवाला, माझ्या दुप्पट वयाचा, एकदम शांतपणे म्हणाला, "हात कोणाचा होता?"

मला असा राग आला की उठून गेलो. पुढचे दोन शनिवार गेलोच नाही. तिसऱ्याला गेलो, माझी खुर्ची तशीच तिरकी ठेवलेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा "मी मारलं" असं बोललो. वकिलासमोर नाही, कोर्टात नाही, घरच्यांसमोर नाही, तिथे पहिल्यांदा.

लिंबूटिंबू, तो प्रश्न कुठल्याही व्हॉलंटियरने विचारला असता तर मी परत गेलो नसतो. म्हणून तुम्ही काय बोलायचं याची काळजी सोडा. तुमचं काम म्हणजे दर शनिवारी येणं. जे एकदाच येऊन गायब झाले ते मनाला जास्त लागायचे.

कडूलिंब
वाचून गप्प बसणार होते पण राहवत नाही. माझ्या भावाला भोसकून मारलं, नऊ वर्षं झाली. त्या माणसासाठी पण कुठेतरी खुर्च्या गोल मांडल्या जात असतील, त्याच्या बालपणाबद्दल प्रेमाने ऐकून घेत असतील. आमच्या आईसाठी कोणी मांडल्या? एक बाई आली नाही दोन तास बसायला. बालपण माझं पण काही फार चांगलं नव्हतं, मी कोणाला भोसकलं नाही.

रात्रपाळी
@कडूलिंब तुमचं अगदी बरोबर आहे आणि याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. तुमच्या आईसाठी आधी मांडायला हव्या होत्या. एवढंच सांगते की बालपण हे कारण म्हणून ऐकलं जातं, सूट म्हणून नाही. जेम्स गिलिगन म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत, अमेरिकेतल्या तुरुंगांमध्ये अनेक वर्षं काम केलेले. का मारलंस विचारलं की त्यांना पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळायचं, त्याने माझा अपमान केला. शरम पोटात दाबून ठेवलेला माणूस ती दुसऱ्यावर काढतो, असं त्यांचं म्हणणं. हे पटलं म्हणून गुन्हा लहान होत नाही.

@लिंबूटिंबू फरक पडतो का तर, सगळ्या प्रकारच्या सर्कलबद्दल एका वाक्यात सांगणारा माणूस दिसला तर लांब राहा. सुटून आल्यानंतरच्या सर्कलवर मात्र चांगलं काम झालंय. १९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एका चर्चच्या लोकांनी लैंगिक गुन्ह्यातून सुटलेल्या एका माणसाभोवती असा गट बनवला, ज्याला अख्खं गाव घाबरून होतं. आधार पण द्यायचा आणि नजर पण ठेवायची, दोन्ही एकदम. पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटात तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासलं, सर्कल मिळालेले कमी प्रमाणात पुन्हा पकडले गेले. पण सुटल्यावर त्या माणसाला कोणी विचारलंच नाही तर आतलं सगळं फुकट जाऊ शकतं, आणि तिथे व्हॉलंटियर मिळता मिळत नाहीत.

तिरकी_खुर्ची
@कडूलिंब ताई, तुम्हाला समजावायचा मला हक्क नाही. मी ज्याला मारलं तो वाचला, पण त्याच्या घरात पण कोणी बहीण असेल.

कडूलिंब
कोर्टात सगळे "घटना घडली" "घटना घडली" करत होते. वकील, पोलीस, तो पण. "मी मारलं" असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ऐकायचंय की नाही ते पण कळत नाही.

लिंबूटिंबू
काय लिहू सुचत नाहीये. शनिवारी जातोय. सोबत काही न्यायचं का, वही वगैरे?

रात्रपाळी
वही नको, लिहून घेणारा माणूस बघितला की सगळे गप्प होतात. घड्याळ पण कदाचित गेटवर काढून घेतील. झडतीला वेळ जातो, अर्धा तास आधी पोचा.

तिरकी_खुर्ची
आणि दरवाजासमोरची खुर्ची सोडून बसा.