अनुभव धागा: हायस्कूलच्या पहिल्या पावसात सोबत कोणाची होती?

वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत अख्खी शाळा एक-दोन खोल्यांत बसते आणि गुरुजींना प्रत्येकाच्या घरचं सगळं ठाऊक असतं. तिथून मूल जूनच्या मध्यात, भर पावसात, एसटीने दुसऱ्या गावच्या हायस्कूलला येतं आणि वर्गात ओळखीचं कोणी नसतं. मी रत्नागिरी जिल्ह्यात हायस्कूलला शिकवते. आमच्याकडे नववी-दहावीची मुलं आठवीत नव्याने आलेल्यांचे ‘सोबती’ होतात. हे काम नुसतं कागदावर राहू नये असं फार वाटतं, म्हणून विचारते: तुम्ही नवे होतात तेव्हा कोणी नेमकं काय केलं? ‘छान वाटलं’ एवढ्यावर थांबू नका, बारीकसारीक लिहा. जे जमलं नाही तेही येऊ द्या.

मालवणकडची, सध्या परिचारिका

बाई, माझ्या सोबती ताईने पहिल्याच दिवशी मला मुलींच्या संडासाकडे नेलं. म्हणाली, “ह्या दाराक कडी नाय. तू जा, मी भायर उभी रवतंय.” मधल्या सुट्टीत ती रोज यायची. संडासाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या आणि मग लघवीच्या जळजळीने बेजार होऊन येणाऱ्या मुली मी आज कामावर बघते. तेव्हा कळतं, ती किती मोठं काम करत होती.

दुसरं बोलीचं. वर्गात मी “माका समजूक नाय” म्हटलं आणि सगळे हसले. त्यानंतर मी तोंडच उघडेना. ताईने ते हेरलं. तिने मला समजावत बसण्याऐवजी हसणाऱ्यांपैकी दोघींना डबा खायला आमच्यात बोलावलं. त्या दोघी घरी मालवणीच बोलायच्या! आठवड्याभरात हसणं थांबलं. नव्या मुलाला शाळेची सवय लावतात तशी जुन्या वर्गालाही नव्या मुलाची सवय लावावी लागते, हे सोबत्यांना जरूर सांगा.

हर्णै परिसर, मच्छीमार घरातला

आमच्याकडे मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा बोटी किनाऱ्यावर आणि आम्ही पोरं वर्गात नियमित. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या की घरात कामाची झुंबड उडते आणि हजेरी तुटायला लागते. सोबतीचा उपक्रम मात्र साधारण जुलैअखेर आटोपलेला असतो. माझा सोबती दादा आमच्याच पाड्यातला होता, त्याला हे माहीत होतं. तो संध्याकाळी बीजगणिताची वही घरी आणून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी एसटीत विचारायचा, कुठलं गणित अडलं? गणपतीच्या सुट्टीनंतर शाळेत परत न येणारी मुलं असतात. तेव्हाच सोबती लागतो.

मूळ गुहागर, सध्या कॅलिफोर्निया

इथे हायस्कूल नववीपासून बारावीपर्यंत. मुलीच्या शाळेत ‘लिंक क्रू’ आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना आधी प्रशिक्षण देतात, मग नववीतल्यांचे छोटे गट त्यांच्याकडे सोपवतात. पहिल्या दिवसानंतरही वर्षभर भेटीगाठी चालू राहतात. वर हर्णैच्या दादांनी लिहिलंय ते अगदी पटलं.

चिपळूण, एक आई

माझी मुलगी श्रवणयंत्र वापरते. पावसाळ्यात दोन अडचणी. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की यंत्रातून त्याचाच आवाज येतो, शिक्षकांचा नाही. आणि यंत्राला ओल चालत नाही. तिच्या सोबतीने हे दोन्ही समजून घेतलं. पाऊस वाढला की ती स्वतःची वही मध्ये सरकवायची. यंत्र ठेवायची डबी दोघींपैकी कोणाच्या दप्तरात आहे हे दोघींना पाठ. मोठ्याने ओरडायचं नाही, समोर बघून सावकाश बोलायचं, हेही तिनेच वर्गाला शिकवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. आमच्या घरात तो पोचला तो या मुलीमुळे.

राजापूर, माजी विद्यार्थी

माझा अनुभव कडू आहे. सोबती म्हणून नेमलेला मुलगा स्वतःचं दप्तर आमच्याकडून उचलून घ्यायचा, कोणाला सांगितलंस तर बघ म्हणायचा. पहिल्या नंबराचा होता म्हणून त्याला नेमलं होतं. आम्हाला कोणी काही विचारलंच नाही.

धागा काढणारी

हे वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. निवड गुणांवर होऊ नये, हे माझं ठाम मत आहे. जो स्वतः त्याच रस्त्याने, त्याच गाडीने, तसाच बावरून आला होता, तो चांगला सोबती होतो. शिवाय नव्या मुलांना सोबत्याशिवाय, एकेकट्याने, शिक्षकांनी दर महिन्याला विचारायलाच हवं. सोबत्यांनाही एक गोष्ट आधीच सांगायची: मारहाण किंवा नकोसा स्पर्श कानावर आला तर ते गुपित ठेवायचं नाही, लगेच शिक्षकांना सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक सगळ्यांना पाठ हवा.

देवगड, बारावी

मी एका नेपाळी मुलाचा सोबती होतो. त्याचे वडील हापूसच्या बागेत राखणीला. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे तो फळ्यावरचं घडाघडा वाचायचा आणि सगळ्यांना वाटायचं, याला समजतंय. अर्थ काहीच लागत नव्हता. शेजारी बसून ऐकलं तेव्हा कळलं. मग रोज धड्यातले अडलेले शब्द आम्ही बागेतल्या वस्तूंवरून करायचो. फवारणी, पेटी, पेंढा, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हे त्याला माझ्याआधी येत होते.

दापोली, एसटीने येणारी

सोबत्यांना पासाचं काम द्या! मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण शाळेतून काय आणायचं, डेपोत कुठल्या खिडकीवर जायचं हे नव्या मुलीला कोण सांगणार? मला शेजारच्या ताईने नेलं. यंदा मी आमच्या गाडीतल्या सहावी-सातवीच्या मुलींना आत्ताच सांगून ठेवलंय, जूनमध्ये एकत्र जाऊ.