मदत हवी आहे: बेळगावात दुकानाचं लाईटबिल सबमीटरवर, मालक युनिटला १४ रुपये घेतात

शहापूर भागात माझं दूध-दही आणि कुंद्याचं छोटं दुकान आहे, भाड्याचं. खाली तीन गाळे, वर मालकांचं राहतं घर. तिन्ही गाळ्यांना मिळून हेस्कॉमचा (आमची वीज कंपनी) एकच कमर्शिअल मीटर मालकांच्या नावावर, आणि आम्हाला त्यांनीच लावलेले सबमीटर. दर महिन्याला चिठ्ठीवर आकडा येतो, बिल कधी दाखवत नाहीत.

गेल्या महिन्यात मीटर रीडर बिल फाडून देताना मी तिथेच होतो, फोटो काढून घेतला. ९८० युनिट, फिक्स चार्ज आणि कर धरून ९,३१० रुपये. म्हणजे युनिट साडेनऊला पडलं. आमचे तीन सबमीटर ४१०, २३० आणि १९०, एकूण ८३०. त्याचे १४ रुपयांनी ११,६२० गोळा झाले. माझे एकट्याचे ५,७४० गेले, साडेनऊने ३,८९५ व्हायला हवे होते. डीप फ्रीजर बंद ठेवता येत नाही हे मालकांना पक्कं माहीत आहे.

मग ९८० मधले उरलेले १५० युनिट कुठे गेले? एके दिवशी पहाटे दूध उतरवायला आलो तर बाकी दोन्ही गाळे बंद. माझा मेन स्विच पाडला. तिन्ही सबमीटर गप्प, पण मोठ्या मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. जिन्याखाली बोअरची मोटर चालू होती, वरच्या टाकीसाठी. घराचा मीटर वेगळा आहे, त्यावर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य बिल येतं, मोटर मात्र आमच्या कमर्शिअलवर. दोनशे युनिटांची सवलत सरकारने घरासाठी दिली, त्याचा भार तीन दुकानदारांनी का सोसायचा?

मागे जादा सुरक्षा ठेवीची नोटीस आली तेव्हा तीही तिघांत वाटून घेतली. ठेव जमा मालकांच्या खात्यावर, तिचं व्याज बिलात वजा होऊन येतं तेही त्यांनाच.

मी शांतपणे म्हटलं, "काका, बिल दाखवा, होतील तेवढे देतो की." तर म्हणाले, "परवडत नसलं तर गाळा मोकळा कर." शेजारच्या झेरॉक्सवाल्याला फ्यूज काढीन म्हणून सांगितलंय. थकबाकीसाठी वीज तोडायला हेस्कॉमलासुद्धा विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मग मालक फ्यूज कोणत्या अधिकाराने काढणार?

माहीतगारांना विचारायचं ते असं. कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही वीज मागू शकतो असं आहे. पण हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला विचारलं तर मालकाचं संमतीपत्र आणा म्हणाले. नुसत्या भाडेकराराच्या जोरावर इथे कुणाला स्वतंत्र मीटर मिळालाय का? खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा अनुभवही चालेल. खाते मालकांच्या नावावर असताना ग्राहक तक्रार मंचाकडे भाडेकरूचा अर्ज घेतात का? कलम २(१५) मधल्या व्याख्येत ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही ग्राहकात येतो, असं मी वाचलं.

भर: खाली काहींनी महाराष्ट्रातले नियम दिलेत, त्याबद्दल आभार. पण महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीला माझ्या आत्तेभावाचं दुकान आहे ते महावितरणवर, इथून इतकं जवळ असूनही त्याचे नियम आम्हाला लागत नाहीत. आमचे दर केईआरसी, म्हणजे कर्नाटकचा वीज नियामक आयोग ठरवतो. भाडे कायद्याचंही विचारलंय एकाने. कर्नाटकचा १९९९चा कायदा व्यापारी जागा १४ चौरस मीटरच्या आत असेल तरच लागतो, म्हणजे दीडशे चौरस फूट. माझा गाळा पावणेदोनशेचा, त्यामुळे तो रस्ता बंद. राहिला दिवाणी कोर्टाचा.

तोवर साडेनऊच्या हिशेबाने ऑनलाईन पैसे पाठवून सोबत हिशेबाचं पत्र रजिस्टरने पाठवावं असा विचार आहे. त्याने भाडं थकवलं असा ठपका तर बसणार नाही ना? भाडं मी वेगळं, चेकने देतो. पुढची चिठ्ठी यायच्या आत कुणी वकिलीतल्या माणसाने सांगितलं तर फार उपकार होतील.